ईस्टरच्या चित्रात ससा हवाच का?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात

पुण्याच्या पूर्व भागात राहणाऱ्या एक वाचक गेली नऊ वर्षं घरी मुलांचा चित्रकलेचा वर्ग घेतात. सहा ते बारा वयाची अठरा मुलं येतात. जो सण जवळ आला असेल त्यावर चित्र, अशी त्यांची पद्धत. गेल्या वर्षी ईस्टरच्या आठवड्यात त्यांनी इंटरनेटवरून ससा, अंडी, टोपली, पिवळी पिल्लं अशी चित्रं घेतली आणि त्यांच्या झेरॉक्स मुलांना रंगवायला दिल्या. वर्गात एक ख्रिस्ती मुलगी आहे, नऊ वर्षांची. तिनं झेरॉक्स बाजूला सारली, कोरा कागद मागितला, तो सगळा काळा रंगवला आणि मधे अकरा-बारा पिवळे ठिपके काढले. ‘‘अगं, आनंदाचा सण ना हा? मग छान रंगीत काढ की,’’ असं म्हणत बाईंनी तिला दुसरा कागद दिला. तिनं निमूटपणे ससा रंगवला. तिला न्यायला आलेल्या आजी भिंतीवरचे ससे बघून हसल्या आणि एवढंच म्हणाल्या, ‘‘छान झालंय हो. आमच्याकडे मात्र ससा येत नाही.’’

यंदा सोसायटीच्या हॉलमध्ये ‘रंगीबेरंगी सण’ या नावानं मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन आहे. पालकांच्या ग्रुपवर एका वडिलांनी लिहिलं, ‘बाहेरचे सण कशाला?’ एका आईनं लिहिलं, ‘आमच्याकडे अंडं चालत नाही, चित्रातही नको.’ आपल्या वाचक विचारतात : ‘मी ख्रिस्ती नाही, मला त्यातलं काही कळत नाही. चुकीचं काहीतरी करून कुणाला दुखवण्यापेक्षा ईस्टर वगळूनच टाकू का? की सशाला फेटा बांधू, अंड्यावर वारली काढू आणि सण आपल्याकडचा करून टाकू?’

उत्तर

ताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. ससे, अंडी, पालकांचा ग्रुप, सोसायटीचं प्रदर्शन यांवर तुम्ही भरभरून लिहिलंय. त्या काळ्या कागदावर मात्र चारच ओळी. मी प्रत्येक वेळी त्या चार ओळींपाशीच थांबले. मला वाटतं, तुम्हीही तिथेच अडकला आहात. नाहीतर वर्ष उलटून गेल्यावर त्या ठिपक्यांचा रंग तुमच्या लक्षात राहिला नसता.

त्या कागदावर काय होतं, ते आधी बघू.

ईस्टर म्हणजे क्रूसावर मेलेला येशू पुन्हा जिवंत झाला, त्याचा सण. त्याची गोष्ट अंधारात सुरू होते. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात त्याची शिष्या मग्दालीया मरीया येशूच्या कबरेकडे जाते ती पहाटे, अजून उजाडलेलं नसताना. कबरेच्या तोंडावरची धोंड सरकलेली तिला दिसते. आत तो नाही. ती रडत उभी असते, मागे कोणीतरी येऊन उभं राहतं आणि तिला वाटतं, हा बागेचा माळी असावा. तो तिला नावानं हाक मारतो तेव्हा कुठे ती ओळखते. किती साधा, किती घरगुती प्रसंग आहे बघा! बाग, माळी, पहाट, रडणारी बाई आणि नावानं मारलेली हाक.

ही गोष्ट मंडळी दरवर्षी पुन्हा जगतात. कॅथलिक चर्चमध्ये शनिवारी रात्री जागरणाची उपासना असते. सगळे दिवे मालवतात. बाहेर नवा अग्नी पेटवतात आणि त्यावर एक मोठी मेणबत्ती लावतात. तिच्यावर क्रूस असतो, ग्रीक मुळाक्षरांतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर असतं आणि त्या वर्षाचे चार आकडे असतात. मग तिच्यावरून एकाची मेणबत्ती, त्याच्यावरून शेजारच्याची, अशी ज्योत हातोहात चर्चभर पसरते. प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये बऱ्याच ठिकाणी रविवारी पहाटेची उपासना असते. कुठे चर्चच्या आवारात, कुठे मोकळ्या मैदानात, कुठे आपली माणसं जिथे विसावली आहेत त्या दफनभूमीत. ‘ख्रिस्त उठला आहे!’ असं एकानं म्हणायचं आणि सगळ्यांनी उत्तर द्यायचं, ‘खरोखर उठला आहे!’ तोवर पूर्वेला नुकतं फटफटू लागलेलं असतं.

आता तो काळा कागद आठवा.

त्या दिवशी तुमच्या वर्गात अठरा मुलांनी चित्रं काढली. त्यातलं एकच चित्र खरोखर पाहिलेल्या ईस्टरचं होतं, आणि तेच तुम्ही परत काढायला सांगितलंत. हे मी तुम्हाला बोल लावायला लिहीत नाही. तुमच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. माझं माहेर गुरुवार पेठेतलं. पंचहौदच्या पवित्र नाम देवालयाचा घंटामनोरा आमच्या गच्चीवरून दिसायचा. त्या घंटांवर आमच्या घरची कामं चालायची, पण त्या कशासाठी वाजतात, हे विचारायला मला चाळिशी गाठावी लागली. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या माणसांचा सण आपल्याला माहीत नसतो आणि हजारो मैलांवरच्या दुकानातला ससा माहीत असतो. याचं मला फार वाईट वाटतं. म्हणूनच तुमच्या पत्राला एवढं लांब उत्तर लिहायला बसले आहे.

तुम्ही धरून चालला आहात की रंगीबेरंगी चित्र म्हणजे पुष्कळ उजळ रंगांचं चित्र. चित्रकला तुम्ही शिकवता, मी नाही, पण रंगचक्रात जांभळ्याच्या समोर पिवळा असतो हे तुम्हीच मुलांना शिकवत असाल. शेजारी जांभळा आला की पिवळा पेटून उठतो. आता ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस बघा. राखेच्या बुधवारपासून उपवासकाळ सुरू होतो (या चाळीस दिवसांत रविवार मोजत नाहीत) आणि त्या काळाचा रंग जांभळा. वेदीवरचं वस्त्र जांभळं, धर्मगुरूंचा झगा जांभळा. ईस्टरला तो उतरतो आणि पांढरा नि सोनेरी येतो. चाळीस दिवस जांभळं पाहिलेल्या डोळ्यांना ते सोनेरी कसं दिसत असेल? एकटा सोनेरी रंग हे करू शकत नाही, त्याला आधीचा जांभळा लागतो. तुमच्या विद्यार्थिनीचे पिवळे ठिपकेही काळ्यामुळेच दिवे झाले होते.

आता ससा आणि अंडं. ‘आमच्याकडे ससा येत नाही’ या वाक्याचा अर्थ तुम्ही ‘ससा काढणं चूक’ असा घेतलात. आजींनी तसं म्हटल्याचं मला दिसत नाही. त्यांनी फक्त त्यांच्या घरचं सांगितलं. ससाही कुणाच्या तरी घरचा आहेच, तो कुठल्या घरचा हे माहीत असलं की पुरे.

अंड्याची गोष्ट स्वयंपाकघरातली आहे. मध्ययुगीन युरोपात उपवासकाळात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य होती. कोंबड्या मात्र अंडी घालतच राहणार. चाळीस दिवसांत टोपल्या भरायच्या आणि ईस्टरला ती अंडी खायची, वाटायची, रंगवायची. पूर्वेकडच्या मंडळ्यांमध्ये अंडी लाल रंगवण्याची जुनी रीत आहे; लाल म्हणजे ख्रिस्ताचं रक्त. ग्रीसमध्ये आजही ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी घरोघरी अंडी लाल करतात आणि ईस्टरला एकमेकांच्या अंड्यावर अंडं आपटून कुणाचं टिकतं ते बघतात. बंद कवच म्हणजे कबर आणि आतून बाहेर येणारा जीव म्हणजे पुनरुत्थान, असाही अर्थ अंड्याला मिळाला. युक्रेनमध्ये तर अंड्यावर चक्क लिहितात. तिथल्या ‘पिसांका’ या शब्दाचं मूळच ‘लिहिणं’ या क्रियापदात आहे. बारीक नळीच्या लेखणीनं अंड्यावर वितळलेल्या मधमाशांच्या मेणाची नक्षी काढायची, अंडं पिवळ्या रंगात बुडवायचं, पुन्हा मेण, मग केशरी, पुन्हा मेण, मग लाल, शेवटी काळा. मग ज्योतीजवळ धरून मेण पुसून काढलं की खाली दडलेले सगळे रंग एकदम उघडतात. बाटिकचंच तत्त्व आहे हे.

ससा जर्मन भाषकांच्या मुलखातला. त्याचा एक अगदी जुना उल्लेख १६८२ सालचा आहे. गेओर्ग फ्रांक फोन फ्रांकेनाउ या जर्मन वैद्यानं लॅटिनमध्ये लिहिलं, की अल्सास भागात ससा बागेत अंडी लपवतो असं मुलांना सांगतात. पुढे अठराव्या शतकात जर्मन स्थलांतरितांबरोबर तो पेनसिल्व्हेनियात गेला आणि तिथून चॉकलेट नि शुभेच्छापत्रांवर बसून जगभर. दर ईस्टरला व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतो, की ससा आणि अंडं ही कुठल्याशा प्राचीन देवीची चिन्हं आहेत. तो मुलांना सांगू नका. आठव्या शतकात बीड नावाच्या इंग्रज धर्मगुरूनं ‘इओस्त्रे’ या देवीचा ओझरता उल्लेख केला आहे, पण त्यात ससा नाही आणि अंडंही नाही.

थोडक्यात, ससा रंगवायला हरकत काहीच नाही. फक्त तोच ईस्टर आहे असं अठरा मुलांच्या मनात बसायला नको. आपल्याकडे गणेशोत्सवावर चित्र काढा म्हटल्यावर कुणी नुसता उंदीर काढून आणला, तर उंदीर चूक नसतो, पण गणपती राहून गेलेला असतो.

ग्रुपवरच्या त्या वडिलांनी लिहिलं, ‘बाहेरचे सण’. तुम्हीही पत्रात ‘त्यांचं’ आणि ‘आपल्याकडचं’ अशी विभागणी केली आहे. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च अठराव्या शतकाच्या अखेरीस पेशव्यांनी दिलेल्या जागेवर उभं राहिलं, पेशव्यांच्याच सैन्यातल्या कॅथलिक लोकांसाठी. कॅम्पातलं सेंट मेरीज १८२५ सालचं. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची सगळी कथा मराठी ओव्यांमध्ये सांगितली आणि ती १६१६ साली छापली गेली. म्हणजे शिवरायांच्या जन्माच्याही आधी. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्तावर अभंग लिहिले, कीर्तनं केली. पंडिता रमाबाईंनी इथून जवळच केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबल सोप्या मराठीत आणलं. ज्या सणाची ओवी मराठीत झाली, अभंग मराठीत झाला, त्याला बाहेरचा कोणत्या तोंडानं म्हणायचं?

आणि तारखेचं तर बघाच. ईस्टर कधी येतो? ढोबळ नियम असा, की २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा आणि तिच्यानंतरचा पहिला रविवार. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल या काळात हलत राहतो, आणि म्हणून तो बहुतेक वेळा आपल्या होळीच्या नाहीतर हनुमान जयंतीच्या पौर्णिमेपाठोपाठ येतो. २०२६ मध्ये हनुमान जयंती २ एप्रिलला आणि ईस्टर ५ एप्रिलला. २०२७ मध्ये होळी झाली की लगेच, २८ मार्चला. मुलांना कालनिर्णय हातात द्या आणि शोधून काढू द्या. आकाशातला चंद्र एकच आहे, हे त्यांना आपण सांगण्याची गरज उरणार नाही.

तरीही त्या वडिलांशी ग्रुपवर वाद घालू नका. ग्रुपवर माणूस आपलं म्हणणं सोडत नाही, कारण बाकीचे बघत असतात. फोन करा. ‘मी दिवाळी, ईद, नाताळ, बुद्धपौर्णिमा सगळ्यांवर चित्रं घेते, कारण वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या घरचा सण भिंतीवर लागावा असं मला वाटतं,’ एवढं सांगा. तरी नकोच असेल तर त्या दिवशी त्यांच्या मुलाला झाड काढू द्या. अंडं नको म्हणणाऱ्या आईंचं मात्र मी मनापासून ऐकेन. त्यांच्या घरची रीत आहे, तिचा मान ठेवायला आपलं काहीच जात नाही. अंड्याशिवाय ईस्टर पूर्ण होतो. हे वाक्य आजींना विचारा, त्या दुजोरा देतील.

आता तुमचा फेटेवाला ससा. नको, ताई. ही कल्पना प्रेमातून आली आहे हे मला दिसतंय, पण फेटा बांधून कुणी आपलं होत नाही, तो वेषांतरातला पाहुणाच राहतो. आपलं करणं कसं असतं, ते याच शहरात एका चित्रकारानं दाखवून दिलं आहे. अँजेलो द फोन्सेका. जन्म १९०२, गोव्यातला. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकला. त्यानं साडीतली मरीया काढली आणि इथल्या मातीतली माणसं ख्रिस्ताच्या गोष्टीत आणली. गोव्यात त्यावर टीका झाली. तो पुण्याला आला, शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिला आणि अखेरपर्यंत चित्रं काढत राहिला. १९६७ साली तो पुण्यातच गेला. त्याची मरीया नुसती साडी नेसवलेली परदेशी बाई वाटत नाही, कारण त्याला गोष्टही आतून माहीत होती आणि बाईही. मुलांना त्याची चित्रं मोबाइलवर जरूर दाखवा. ऑस्ट्रेलियाचं उदाहरणही मजेचं आहे. तिथे सशांनी जमिनीचा आणि स्थानिक प्राण्यांचा फार नाश केला, म्हणून पुष्कळ लोक ईस्टरला सशाऐवजी बिल्बी हा तिथला लांब कानांचा, दुर्मीळ होत चाललेला प्राणी मांडतात. त्यांनी सशाला टोपी घातली नाही. आपल्या जमिनीला काय हवंय ते पाहिलं.

मग आपल्या जमिनीवर त्या दिवसांत काय असतं? तुमच्या वर्गाच्या खिडकीतूनच दिसेल. पिंपळाला तांब्याच्या रंगाची, उन्हात आरपार दिसणारी पालवी फुटलेली असते. पांगाऱ्याच्या पानं गळलेल्या फांद्यांवर लालभडक फुलं असतात. आणि खुरचाफा! महिनोन्महिने तो वाळक्या हाडांसारखा उभा असतो, आणि मग त्या बोडक्या फांद्यांच्या टोकाला एके दिवशी पांढरं फूल येतं, आतून पिवळं. कित्येक दफनभूमींतही हे झाड असतं. परदेशी ईस्टरकार्डांवर जी पांढरी लिली असते, ती मुळात जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवरची. ती तिकडे जाऊन ईस्टरची होऊ शकते, तर वानवडीच्या कोपऱ्यावरचा चाफा का नाही? मुलांना कागद-पेन्सिल देऊन खाली न्या. मृत दिसणाऱ्या फांदीवरचं फूल समोर बसून काढलं, की त्यांना या सणाची निम्मी गोष्ट हाताला कळेल.

एक प्रकार मी आवर्जून सुचवते, कारण तो त्या काळ्या कागदातूनच सुचला. जाड कार्डशीटवर मुलांना ऑइल पेस्टल दाबून भरायला सांगा, पिवळा, केशरी, गुलाबी, पोपटी, हवे ते. कागदाचा पांढरेपणा कुठे दिसता कामा नये. त्यावर काळ्या पोस्टर कलरचा जाड हात द्या. रंगात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाका, नाहीतर तेलकट पृष्ठभागावर तो धरत नाही, फुटतो. पूर्ण वाळू द्या, घाई केली तर सगळं निघून येतं. मग टूथपिक किंवा संपलेलं बॉलपेन घेऊन खरवडायचं. अंधार असतो, आणि त्याच्या खाली रंग आधीपासून असतात. आधी गोष्ट सांगा, पहाटेची, धोंडेची, माळ्याची. मग खरवडू द्या. कुणी मेणबत्त्या काढेल, कुणी झाड, कुणी सूर्य. सगळं चालेल.

पिसांकाचं तत्त्व अंड्याशिवायही करता येतं. पांढऱ्या मेणबत्तीच्या तुकड्यानं पांढऱ्या कागदावर नक्षी काढायची, दिसत काहीच नाही. वरून जलरंगाचा पातळ हात फिरवला की मेणाच्या जागी रंग धरत नाही आणि नक्षी प्रकटते. सहा वर्षांची मुलं यात अक्षरशः ओरडतात. ज्यांच्या घरी अंडं चालतं त्यांनी घरी एक करून बघावं : आठ-दहा कांद्यांची सालं पाण्यात अर्धा तास उकळा, गाळा, चमचाभर व्हिनेगर घाला. अंड्यावर कोथिंबिरीचं पान चिकटवा, जुन्या पातळ कापडात घट्ट बांधा आणि त्या पाण्यात उकडा. तांबूस अंड्यावर पानाची फिकट सावली उमटते.

रांगोळी करायची असेल तर ग्वाटेमालातल्या अँटिग्वा शहराची गोष्ट सांगा. उपवासकाळात आणि पवित्र सप्ताहात तिथले लोक मिरवणुकीच्या वाटेवर रंगवलेल्या लाकडी भुशाचे, फुलांचे लांबच लांब गालिचे घालतात. तासन् तास राबतात, साचे वापरून बारीक नक्षी भरतात. मग मिरवणूक येते आणि त्यांच्यावरून चालत जाते. मोडण्यासाठीच घातलेले असतात ते. हे पुणेकराला समजावून सांगावं लागत नाही. पालखीच्या वाटेवर रांगोळी घालणारी बाई आणि लक्ष्मी रस्त्यावर विसर्जनाच्या दिवशी रांगोळी घालणारी पोरं तेच करत असतात. सुताराकडून भुसा आणा, रंगवा, सोसायटीच्या प्रवेशदारात चाफ्याचा गालिचा घालू द्या आणि प्रदर्शनाला येणाऱ्यांना त्यावरून चालत आत येऊ द्या.

आणि मोर. हा माझा लाडका. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी रोमच्या भुयारी दफनभूमींच्या भिंतींवर मोर काढले आहेत. मोराचं मांस कुजत नाही अशी प्राचीन समजूत होती, शिवाय त्याचा पिसारा झडतो आणि पुन्हा येतो. म्हणून तो अमर जीवनाची खूण. आपल्या पैठणीच्या पदरावर तो आहेच. इथे फेटा बांधायची गरज नाही, मोर दोन्हीकडे पूर्वीपासून आहे. संक्रांतीचा उरलेला पतंगी कागद घरात असेल तर काळ्या कार्डशीटला खिडक्या कापून मागून तो चिकटवा आणि काचेवर लावा, मोराची रंगीत काच होईल. (बर्म्युडा बेटावर गुड फ्रायडेला रंगीत कागदाचे पतंग उडवतात, तेही सांगा. मात्र मुलांकडून ‘हॅपी गुड फ्रायडे’ लिहून घेऊ नका, तो येशूला क्रूसावर दिल्याचा, शोकाचा दिवस आहे.)

हे सगळं झालं, तरी पहिलं काम वेगळं आहे. आजींना भेटा. घरी जा किंवा त्या नातीला सोडायला येतील तेव्हा दहा मिनिटं थांबवून घ्या. ‘तुमच्या सणाची चिन्हं कोणती?’ असं विचारू नका, त्याला कुणालाच नीट उत्तर देता येत नाही. ‘आजी, तुमच्या लहानपणी ईस्टरच्या पहाटे काय काय व्हायचं?’ असं विचारा. कोण उठवायचं, कुठली साडी, हातात कुठली फुलं, परत आल्यावर खायला काय. यातूनच तुमच्या वर्गाला चित्रं मिळतील. जमलं तर त्यांना वर्गात वीस मिनिटं हेच सांगायला बोलवा. नाही म्हणाल्या तर आग्रह नको. वेगवेगळ्या मंडळ्यांच्या रीती वेगळ्या असतात, तेव्हा ‘ख्रिस्ती लोक असं करतात’ असं म्हणण्याऐवजी ‘या आजींच्या घरी असं करतात’ असं मुलांना सांगा. शाळांमधल्या शिक्षकांनी आणि सोसायट्यांच्या सांस्कृतिक समित्यांनीही, कुठलाही सण असो, हा एक शब्दबदल करून बघावा. पतेतीला पारशी शेजारणीकडे, ईदला समोरच्या बिल्डिंगमधल्या काकांकडे जाऊन इंटरनेट उघडण्याआधी हाच प्रश्न विचारता येतो.

त्या मुलीला मात्र वर्गासमोर उभं करून ‘सांग बरं तुमच्यात काय करतात’ असं कधीही करू नका. नऊ वर्षांच्या मुलीनं एका धर्माची प्रतिनिधी व्हायचं नसतं, तिला मैत्रिणींसारखंच चित्र काढायचं असतं. तिच्याशी बोला ते एकटीशी, शेजारी बसून. ‘गेल्या वर्षी तू काळं चित्र काढलंस, ते मला तेव्हा कळलं नाही. मी चुकले. ते आहे का अजून?’ असेल तर मागून घ्या आणि प्रदर्शनात लावा. तिला चालणार असेल तरच. फाडून टाकलं असेल, तर पुन्हा काढशील का, एवढंच विचारा. बाईंनी आपली चूक कबूल केली हे ती विसरणार नाही.

प्रदर्शनाचं ‘रंगीबेरंगी सण’ हे नाव बदलू नका, चांगलं आहे. फक्त तो काळा कागद कोपऱ्यात लावू नका. मधे लावा, आजूबाजूला खरवडलेली चित्रं आणि खाली भुशाचा चाफा.

आणि ते पिवळे ठिपके अकरा होते की बारा, हे तिला नक्की विचारा. मला वाटतं, ती आकडा सांगेल, आणि त्या पहाटे कुठली मेणबत्ती कुणाच्या हातात होती, तेही.